सैपाकघराची फरशी

सासरे खटल्याच्या कामानं हैदराबादला गेले आणि मुसी नदीकाठची हायकोर्टाची इमारत डोक्यात घेऊनच बोरीला परतले. "काय कमानी, काय फरशी! तोंड दिसतंय तिच्यात," असं ज्याला त्याला सांगत सुटले. आमची कापसाची आडत तेव्हा जोरात होती. घरभर शहाबादी घालायची, बैठकीत कमानी काढायच्या, असं ठरलं. कमानींशी मला काय करायचं होतं? मी सासऱ्यांना एवढंच विचारलं, "मामा, सैपाकघरात बी?" ते म्हणाले, "पैली तिथंच." मी हरखले. रोज सारवून माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

मग मंदी आली. कापसाला कुणी विचारीना. परभणी स्टेशनवरून बैलगाड्या आल्या त्या निम्मीच फरशी घेऊन. वाटलं, आता तरी कमानींचं खूळ जाईल. कसलं जातंय! दगड परवडेना म्हणून चुना-विटांच्या कमानी उठल्या, त्यांना दगडाचा रंग फासला आणि होती नव्हती ती फरशी बैठकीत गेली. मी आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मधे घालून विचारलं, तर मामा बाहेरूनच ओरडले, "सैपाकघर बघायला कोण यायलंय?" मी दिवसभर तिथंच असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

श्रावणात आमचे जंगम स्वामी पाद्यपूजेला यायचे होते. आत्यांनी शेणाची पाटी माझ्यापुढं ठेवली.

"बैठक सारवून घे."

"आत्या, फरशी हाय की ती!"

"असंना का. न सारवलेल्या जागी स्वामींचं पाऊल पडू देत्यात व्हय?"

मी मामांकडं बघितलं. ते रंगवलेल्या कमानीकडं बघायला लागले. सारवली फरशी. पूजा झाली, स्वामी गेले, आणि मामांचा हुकूम आला की संध्याकाळी व्यापारी येणार आहेत, फरशी चकचकीत दिसली पाहिजे. मग मी सांध्यांत वाळलेलं शेण काडीनं उकरत बसले. मातीची जमीन सारवली की निदान सुटका तरी होते.

सैपाकघरात येऊन मी पाटी आपटली आणि संतापानं मोठ्यांदा रडले. आत्या दारात आल्या. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. त्या माझ्याशेजारी बसल्या, पाटी पुढं ओढली.

"मी नवी नवरी होते तवा हे मला औंढ्याच्या देवळासारखी फरशी घालून देणार होते," म्हणाल्या, आणि सारवायला लागल्या.