वरून चौथी ओळ

ती वेबसाइट बनवणाऱ्या माणसाला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. प्रवेशाच्या पानावर एकाखाली एक नऊ निळ्या ओळी, आणि सगळ्यांवर एकच मजकूर: ‘येथे क्लिक करा’. कशासाठी, ते बाजूला बारीक इंग्रजीत. एक ओळ दाबली की सूचना, सूचनेतली दाबली की माहितीपत्रक, त्यातली दाबली की पुन्हा पहिलं पान. दुपारभर घाण्याच्या बैलासारखा फिरलो.

माझी पुतणी नाचणगावला राहते. तिला नर्सच व्हायचं होतं. यंदा नंबर लागला नाही तर भावासोबत भाजीचा मळा बघायचा, असं घरी ठरलेलं. कागदपत्रं तिच्याकडे, ओटीपी तिच्या फोनवर, म्हणून अर्ज तिनंच भरायचा होता. वाट मी शोधून द्यायची. शेवटी सापडली. डायरीत लिहून ठेवलं: वरून चौथी.

तीस वर्षं कारकुनी केली. माझं दप्तर असंच होतं: दुसरं कपाट, तिसरा खण, वरून चौथा गठ्ठा. वीज गेली तरी हात बरोबर तिथंच जायचा. मला विचारल्याशिवाय त्या गठ्ठ्यांवर कुणी चिटोरंही ठेवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

“काका, इथं त साऱ्या ओळी सारख्याच दिसून राह्यल्या. बाजूचं इंग्रजी वाचू काय?”

“वाचत बसू नको, वेळ जाते. मोज. वरून चौथी.”

तिनं मोजलं, अर्ज भरला, पावतीही आली.

यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. अर्ज दुसऱ्याच अभ्यासक्रमाचा निघाला. दिसायला दोन्ही अर्ज सारखेच. मी पान उघडलं, तर सगळ्यात वर ‘नवीन’ म्हणून एक ओळ लुकलुकत होती. तारीख तिनं अर्ज भरला त्याच सकाळची. माझी चौथी ओळ पाचवी झाली होती, आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मदतीच्या नंबरावरची बाई म्हणाली, मुदत संपली. मी इतका ओरडलो की बायकोनं उठून खिडक्या लावल्या.

तरी राग उतरेना. नाचणगावला गेलो. पुतणी मळ्यात पालकाच्या जुड्या बांधत बसली होती. तिथंही मी सुरूच: कोणत्या गाढवानं बनवली, कोणत्या नालायकानं ती ओळ वर टाकली.

तिनं मान वर केली नाही.

“त्यायले काऊन शिव्या देऊन राह्यले, काका? मी त वाचतच होती.”