ओट्यावर ठेवलेलं घर

सरोजिनीअक्काला कुणी एकट्यानं जेवलेलं बघवत नाही. याला गुण म्हणावा की रोग, हे इतकी वर्षं शेजारी राहूनही मला ठरवता आलेलं नाही. माझं सोलापुरात नव्या पेठेत ब्लाउजपीसचं दुकान आहे. दुपारी शटर ओढून मी घरी येते आणि उभ्या उभ्या दोन घास पोटात ढकलते. अक्काच्या खिडकीतून ते दिसलं की हाक आलीच. "ए चेतना, चोरी करायलीस का उभ्यानं खाऊन? ताट घेऊन हिकडं ये!" मी चिडते, आणि ताट घेऊन जाते.

नवरा शरणप्पा होता तेव्हापासून अक्का चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पुरवायची. भाकरी, आमटी आणि वर शेंगाचटणी. डबे नेणाऱ्या रिक्षावाल्याला रोज बजावायची, "त्या नव्या पोराला सांगा, चौघांत बसून खा म्हणावं." अशा बाईच्या एकुलत्या एका पोरानं परदेशात जाऊन एकट्यानं राहावं, याला काय म्हणायचं? मला तरी देवाचा राग आला होता.

बसवेश चिंचोळीतच एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. वडील गेले, पाठोपाठ ठरलेलं लग्न मोडलं, आणि पोरगं मिटूनच गेलं. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. समोर कुणी ताट घेऊन बसलं तरच चार घास खायचा. स्कॉटलंडमध्ये मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात त्याला काम लागलं तेव्हा मी अक्काला म्हणाले, जाऊ दे, हवापालट होईल. अक्काला पगाराचं, थंडीचं काही पडलं नव्हतं. तिचा एकच प्रश्न होता. "तितं त्याच्यासमोर कोण बसंल गं?"

कुणीच नव्हतं. गावाबाहेर, समुद्राला लागून एक जुनं घर त्याला भाड्यानं मिळालं. घरात मोबाइलला रेंज नाही. वरच्या मजल्यावर एक खिडकी होती, तिच्यात उभं राहिलं तरच आवाज यायचा. तिथं कुडकुडत उभा राहून तो आईशी बोलायचा. "जेवलास का?" "व्हय." आवाजावरून कळायचं, खोटं बोलतोय.

घरात इंटरनेट आलं तर रोज समोरासमोर बसता आलं असतं. पण तिथली टेलिफोन कंपनी म्हणे, इंटरनेट पाहिजे तर आधी लँडलाइन पाहिजे. आणि गंमत म्हणजे लँडलाइन त्या घरात आधीच होती, पूर्वी राहणाऱ्या एका म्हातारीच्या नावावर. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचा पांढरा फोन अजून भिंतीवर होता, खाली तार कापलेली. कंपनी म्हणाली, ती लाइन बंद झाल्याशिवाय त्या पत्त्यावर नवी मिळणार नाही, आणि बंद करायची तर त्या बाईंनी स्वतः कळवायला हवं. बसवेश म्हणाला, त्या वारल्या. कंपनी म्हणाली, आमच्याकडे तशी नोंद नाही. आमच्या नोंदीप्रमाणे त्या अजून तिथंच राहतात.

हे ऐकून मी खूप हसले होते. म्हटलं, असला कारभार काय आपल्याकडंच असतो होय? शेवटी मीच बसवेशला सांगितलं, "तारेच्या नादाला कशाला लागतोस? आमच्या घरी कुटं तार हाय? सिम घालायचा वायफायचा डबा मिळतो. तो आण आणि त्या वरच्या खिडकीत ठेव." त्यानं आणला, ठेवला, आणि खाली स्वयंपाकघरात लख्ख इंटरनेट आलं.

मग अक्काच्या ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकून टॅबलेट उभा राहिला, आणि तिकडं बसवेशच्या फळीवर दुसरा. आपण दुपारी जेवतो तेव्हा तिकडं सकाळ असते. तो पाव खायचा, अक्का भाकरी खायची, आणि मी दोघांकडं बघत माझं ताट संपवायची. तो कामाला निघाला की अक्का म्हणायची, "बंद करू नको, राहू दे चालू." त्यामुळं तो गेल्यावरही ते घर ओट्यावर तसंच असायचं. इकडं आमचा पंखा गरगरायचा, रस्त्यावर ऊन रखरखायचं. तिकडं निळसर उजेडातलं टेबल, दोन खुर्च्या, अर्धवट उघडं दार, आणि वाऱ्याचा आवाज. मला ते बघवत नसे. रिकाम्या घरात डोकावणं बरं नव्हे, असं मी म्हणायची. अक्का म्हणायची, "लेकाचं घर हाय. रिकामं कसं?"

एका दुपारी मी भाकरी मोडत होते, आणि अक्का एकदम म्हणाली, "या की. बसा."

मी दाराकडं वळून बघितलं. कुणी नव्हतं. अक्का टॅबलेटशी बोलत होती, हात पुढं करून, तोंडभर हसून. "बर्री, कुंदर्री," ती पुन्हा म्हणाली, या वेळी आपल्या माहेरच्या कानडीत.

"कुणाला म्हणायलीस, अक्का?"

"त्या बाईंना. किती येळ झाला, फोनपाशी उभ्या हायत. कुणी दारात ताटकळलं तर बसा म्हणावं की नको?"

मी ताट बाजूला ठेवून नीट बघितलं. दार दिसलं, भिंतीवरचा पांढरा फोन दिसला. बाई काही दिसली नाही. अक्का मात्र तिचं वर्णन करत होती. आखूड पांढरे केस, निळा स्वेटर, एक हात भिंतीला टेकलेला. फोन यायची वाट बघत असल्यागत.

दुसऱ्या दिवशी बसवेशला सांगितलं तर तो हसला नाही. गावात विचारतो म्हणाला. विचारून आला. म्हातारीचा एकच मुलगा, ऑस्ट्रेलियात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मग यायचा बंद झाला. ती तरी रोज त्या फोनपाशी उभी राहायची, आणि तिथंच पडलेली सापडली. हे सांगताना बसवेशचा आवाज शांत होता. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारी," ती म्हणाली. "म्हंजे माझ्यासारखीच की."

त्या दिवसापासून अक्का त्या म्हातारीशी बोलायला लागली. भाजी निवडता निवडता डाळीचा भाव सांगायची, गुडघ्याचं दुखणं सांगायची. मी रागावले, तर मला म्हणाली, "तू नव्या पेठेत दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतीस. मी कुणाशी बोलू?"

मग बसवेशला ताप आला. नुसती कणकण नाही, चांगला सणकून ताप. डॉक्टरनं गोळ्या देऊन झोपून राहायला सांगितलं होतं. स्वयंपाकघरात ऊब असते म्हणून तो तिथंच जमिनीवर अंथरूण घालून पडला होता. पाणी द्यायला माणूस नाही. अक्का ओट्यापुढून हलेना. आपलं पोर हातभर अंतरावर तळमळतंय आणि हात मात्र काचेवर आपटतोय, ही शिक्षा मी वैऱ्यालाही देणार नाही.

मी दुकानातून आले तेव्हा टॅबलेटपुढं तांदूळ, नारळ आणि मीच तिला दिलेला हिरवा खण मांडलेला होता. अक्का पदर पसरून म्हणत होती, "बाई, मी हितनं काय करू? तुमी जवळ हाय. पोरगं तुमच्या ओटीत घातलं. संभाळा त्याला."

ओटीत घालणं म्हणजे काय, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. बसवेशच्या आधी अक्काची दोन मुलं जगली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा त्याला पाठीमागच्या घरातल्या गुरम्माच्या ओटीत घातला होता. पोर तिचं झालं, म्हणजे अक्काचं नशीब त्याला लागणार नाही. पाजायचं, न्हाऊ घालायचं अक्कानं, पण म्हणायचं गुरम्माचं पोर. तो शाळेत जायच्या वयाचा झाल्यावर अक्का खण-नारळ घेऊन गुरम्माच्या दारात गेली, पोर मागितलं, आणि गुरम्मानं स्वतःच्या हातानं परत दिलं. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि समोरच्या बाईनं दिल्याशिवाय आपलं होत नाही. रीतच तशी आहे.

"अक्का, येड लागलं का तुला?" मी ओरडले. "जिला तू ओळखत न्हाईस, जी जित्ती न्हाई, तिच्या ओटीत पोर घातलंस?"

"गप गं," अक्का म्हणाली. "पाणी द्यायली बघ."

मी बघितलं. बसवेश डोळे मिटून पडला होता. मी आले तेव्हा पाण्याचा पेला टेबलावर होता, हे मी शपथेवर सांगेन. आता तो त्याच्या उशाशी होता.

ताप उतरला. पोरगं उठलं, आणि पुढं जे झालं ते बघून आधी मलाही बरंच वाटलं. बसवेश जेवायला लागला. पोटभर, चवीनं. गालांवर मांस आलं. टेबलावर दोन ताटल्या दिसायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाला, "एकट्यानं जेवू नये की, चेतनामावशी." अक्काला किती आनंद झाला! तिनं सगळ्या गल्लीला वरणफळं वाटली.

पण हळूहळू त्याचं तोंड टॅबलेटकडून वळलं. आधी तो आईकडं बघत जेवायचा, मग समोरच्या खुर्चीकडं बघत जेवायला लागला. अक्कानं दोनदा विचारलं तर एकदा उत्तर द्यायचा, तेही तुटक. मधेच कुणी काही बोलल्यासारखा हसायचा. आम्हाला काही ऐकू यायचं नाही. सुट्टीला येणार होता, ते विमानाचं तिकीट त्यानं रद्द केलं. अक्कानं कारण विचारलं.

"घरात एकटीला सोडून कसं येऊ?" तो म्हणाला. "आधीच एकदा तिला कुणीतरी सोडून गेलंय."

अक्कानं ताट बाजूला सारलं. मग माझा हात धरून म्हणाली, "चेतना, माझं चुकलं गं. मी त्याला माघारी मागून घेणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामाला गेल्यावर ती नवं लुगडं नेसून ओट्यापुढं उभी राहिली. ताटात खण होता, नारळ होता, हळदकुंकू होतं. मी तिच्या मागं उभी होते. "बाई," अक्का म्हणाली, "तुमचे उपकार लई झाले. जल्मभर इसरणार न्हाई. आता माझं लेकरू मला द्या."

तिकडं वारा वाजत होता. टेबल, दोन खुर्च्या, दार. मला एवढंच दिसत होतं. अक्काला काय दिसत होतं ते तिच्या चेहऱ्यावरून मी वाचत होते. आधी आशा होती. मग ती पदर सावरत एक पाऊल मागं आली.

"उठल्या," ती पुटपुटली. "हिकडं यायल्या."

आणि पडद्यावरचं ते घर हललं. टेबल तिरकं झालं, छत दिसलं, मग भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद, अगदी जवळून. टॅबलेट भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. आवाज मात्र येत होता. खुर्ची ओढल्याचा, आणि मग कपबशीचा.

त्यानंतर कॉल तुटला. अक्का फोन करायची, नुसती घंटी जायची. मी कारखान्यात फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, बसवेश रोज वेळेवर येतो, तब्येत उत्तम आहे, पहिल्यापेक्षा कितीतरी आनंदी दिसतो. मी हे अक्काला सांगितलं. पोर सुखरूप आहे हे ऐकून आईनं रडावं, असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

रविवारी दिवेलागणीला अक्कानं पुन्हा फोन लावला. मी शेजारीच बसले होते. ओट्यावर दोन ताटं वाढलेली होती, एक माझं आणि एक तिचं, पण तिनं घास तोंडात घातला नव्हता. घंटी वाजत राहिली. मी म्हणणारच होते, राहू दे आता. तेवढ्यात उचलला.

तिकडं दुपार होती. टेबलावर मधोमध वाफाळतं भांडं, दोन बाजूंना दोन ताटल्या. बसवेशनं टॅबलेट फळीला टेकवून ठेवला. गोरा झाला होता, भरला होता. त्यानं आमच्याकडं बघितलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं, अगदी नम्रपणे. मग समोरच्या खुर्चीकडं वळला. खुर्ची रिकामी होती.

"आई," तो लहानपणी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "बघ की गं, कुणाचा तरी फोन आलाय."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं, घसा साफ केला, आणि परक्याच्या घरी फोन लावल्यावर बोलावं तसं हळू म्हणाली, "मी सरोजिनी बोलते. सोलापूरहून."