शहाण्णवचा आकडा

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे 'नाका'. तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय प्रोग्रॅमची एकही ओळ यंत्रात जात नसे, आणि तिथून सुखासुखी कुणाची ओळ सुटतही नसे. कंपनी आजाऱ्याच्या बोटाला लावायचा चिमटा बनवायची. चिमटा रक्तातला ऑक्सिजन मोजायचा आणि आकडा उशाशी ठेवलेल्या पडद्यावर उमटायचा. दोघांची भाषा वेगळी. मध्ये दुभाष्याचं काम करणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ताईचं उभं आयुष्य या दुभाषेगिरीत गेलं. लग्न राहून गेलं, त्याबद्दल नातेवाइकांनी हळहळायचं तेवढं हळहळून घेतलं. तिला स्वतःला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

एकच गोष्ट ती सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडायची. केबल जोडली की ड्रायव्हर मेमरीत थोडी जागा मागून घेतो, आकडा तिथे लिहितो आणि पडदा तिथून वाचतो. केबल निघाली की जागा परत करायची. "पण आधी वाचणाऱ्याला थांबवा, मग जागा सोडा," ती म्हणायची. "उलटं केलंत तर तो बापडा सोडलेल्या जागेतच वाचत बसेल." जागा सोडली म्हणून तिथलं लगेच पुसलं जात नाही. दुसरं कुणी तिथे लिहीपर्यंत जुनंच दिसत राहतं, आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं. त्यापेक्षा यंत्र बंद पडलेलं बरं, निदान कळतं तरी.

"ताई, तुम्ही ताकसुद्धा फुंकून पिता," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला चिडवायचा.

"तोंड पोळलंय माझं, म्हणून," ती म्हणायची.

तिच्या धाकाने चाचणीच्या वेळी सगळे अगदी सज्जनासारखे वागत. आधी पडद्यावरचं बटण दाबून मोजणी थांबवायची, मग अलगद केबल काढायची. हिसका देऊन कुणी ती कधी ओढलीच नाही.

घरी तिचे बाबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. बाबांनी जन्मभर लेथ मशीन चालवलं आणि शेवटी फुप्फुसांनी दगा दिला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा विक्रीला जाण्याआधीचं एक यंत्र कंपनीने ताईला देऊ केलं. बाबांना चिमटा मुळीच आवडला नाही. "बोटाला खेकडा लावलायस," ते म्हणाले. तिने पडदा असा वळवून ठेवला की बाहेरच्या जेवणाच्या टेबलावर काम करताना नुसती मान वर केली की आकडा दिसावा. पलंग मात्र भिंतीआड राहायचा. शहाण्णव दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

त्या दुपारी आत्या औषधं आणायला गेली होती. ताई चष्मेवाल्याच्या कामातल्या चुका काढत बसली होती. मान वर केली, शहाण्णव. पुन्हा केली, शहाण्णव. जिवंत माणसाचा आकडा जरा तरी हलतो, पंचाण्णव होतो, सत्त्याण्णव होतो. हे तिला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. पण चांगल्या आकड्यावर कोण संशय घेतो? आत्या आली, पाणी घेऊन आत गेली आणि तिने हाक मारली. बाबांचा हात गार पडला होता. त्यांनी उपटलेली केबल फरशीवर पडली होती. पडद्यावर शहाण्णव होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कळलंही नसेल त्यांना. डॉक्टर बहुतेकांना असंच सांगतात. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या सांगू लागली, "शेवटपर्यंत शहाण्णव होता हो. माझा भाऊ घुसमटला नाही." त्या एका वाक्यावर म्हातारी सावरली होती, जेवू लागली होती.

ताई ऑफिसात परतली आणि तिने पहिल्यांदा आपलीच फाइल उघडली. जागा सोडणारी ओळ वर होती, वाचणाऱ्याला थांबवणारी खाली. बाबा इस्पितळात होते त्या आठवड्यातलं तिच्याच हातचं काम. चाचणीच्या यंत्रात सोडलेली जागा मुद्दाम भलत्या आकड्यांनी भरायची सोय असते. तिने त्याची केबल हिसका देऊन ओढली. पडद्यावर वेडावाकडा आकडा आला, पहिल्याच झटक्यात.

हे तपासलं होतं चष्मेवाल्याने. "तुमचं काय बघायचं, म्हणून मी..." तो म्हणाला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

खोकी भरून तयार होती. तिने साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे, माल थांबवा.

"किती ओळी बदलायच्या?"

"दोन. वरची खाली करायची."

"एवढंच ना?" साहेबांनी हुश्श केलं.

ऑफिसात सांगणं सोपं गेलं. घरी गप्प राहिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं, आणि आत्याचं ते वाक्य तिच्यापाशी राहिलं असतं. पण आत्याने तो आकडा उच्चारला की ताईला फरशीवरची केबल दिसायची. त्या संध्याकाळी शेजारीण भेटून गेली आणि आत्याने पुन्हा तेच सांगितलेलं ताईने ऐकलं. तिला ते सहन होईना.

"आत्या, तो आकडा खरा नव्हता. बाबांनी केबल काढली, त्याच्या आधीचा होता. माझ्या चुकीने तसाच राहिला."

आत्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

"म्हणजे तो घुसमटला?"

"माहीत नाही."

"किती वेळ?"

"तेही माहीत नाही, आत्या."

"आणि तू कुठे होतीस?"

"इथेच. टेबलाशी. सारखी पडद्याकडे बघत होते."

आत्याने त्या टेबलाकडे पाहिलं, मग रिकामा पलंग असलेल्या आतल्या खोलीच्या दाराकडे.

"दार उघडंच होतं ना गं?"

"हो."

"मग त्याच्याकडे बघायचंस," आत्या म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.