बिनमुहूर्ताचा रविवार

"तुम्ही बसा, मी हाय ना."

हे म्हणताना मामा समोरच्याच्या हातातली वस्तू आपल्या हातात घेत. आहेराची पिशवी, रडणारं पोर, अक्षतांचं ताट, जे असेल ते. रिकाम्या हातांनी माणूस बसला की निम्मं भांडण मिटतं, असा त्यांचा अनुभव होता.

जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अंगाला, विमानतळापासून पाच मिनिटांवर एक मंगल कार्यालय आहे. पुढे मोठा हॉल, मागे लॉन. मामा तिथले मॅनेजर होते. या बाजूच्या एखाद्या लग्नाला तुम्ही गेला असाल, तर त्यांना नक्की पाहिलं असणार. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ते कुणाचे सख्खे मामा नव्हते. मालक लहानपणापासून त्यांना मामा म्हणायचे, मालकांचं ऐकून डेकोरेशनवाले म्हणू लागले आणि मग आम्ही पत्रकार. लग्नसराई नसली की राजकीय मेळावे याच हॉलमध्ये होत, त्यामुळे आमचं तिथे वऱ्हाडापेक्षा जास्त जाणं होतं. आता मामांच्या काचेच्या केबिनमध्ये एक तरुण बसतो. तारीख नसेल तर तो "नाही" म्हणतो आणि संगणकाकडे वळतो. गिऱ्हाइकासमोर मामांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही.

एकदा आईस्क्रीम संपलं म्हणून वरपक्षाचे एक ज्येष्ठ गृहस्थ रुसून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. चार जण समजूत घालून परत आले. मामा गेले, त्यांच्या हातातला फेटा घेतला, "तुम्ही बसा, मी हाय ना," म्हणाले आणि आत निघून आले. थोड्या वेळाने ते गृहस्थ आईस्क्रीमशिवाय जेवायला बसलेले दिसले.

"काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"काय नाय. फेटा माझ्याकडं व्हता. बोडख्या डोक्यानं फोटोत कसं उभं राहतील? आले मागं मागं."

मेळाव्यांबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. "लग्नातली माणसं जेवून नावं ठेवत्यात, पक्षातली नावं ठेवून जेवत्यात," असं ते एकदा म्हणाले आणि लगेच, "हे छापू नका बरं का," असंही म्हणाले. मी छापलं नाही.

मंगल कार्यालयाचं वर्ष पंचांगावर चालतं. मुहूर्त असलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन लग्नं, मुहूर्त नसलेल्या दिवशी पंख्यांना तेल. मामा बौद्ध. बौद्ध लग्नाला मुहूर्त लागत नाही, ती बहुतेक रविवारी होतात. मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी केबिनमधलं कॅलेंडर खाली काढलं आणि एक असा रविवार शोधला, ज्याच्या आगेमागे कुठलाच मुहूर्त नव्हता. त्या दिवशी हॉल तसाही रिकामाच राहणार होता. आपल्यामुळे मालकाचं एकही गिऱ्हाईक परत जाऊ नये, एवढाच त्यांचा हिशेब.

मालकांना सगळे दादा म्हणतात. हॉल उभा आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची, तिथे कधीकाळी कापूस होता. दादांना पक्षाच्या तिकिटाची आशा आहे. लग्नाचं कानावर घातलं तेव्हा दादा म्हणाले, "भाडं कसलं मामा? पोरगी आपल्या घरचीच." ते मनापासून म्हणाले, मी समोर होतो. भाडं नाही, त्यामुळे पावतीही झाली नाही.

मुलगी एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. लहानपणी शाळा सुटली की ती वडिलांकडे हॉलवर यायची, कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करायची. तिने इतक्या नवऱ्या जवळून पाहिल्या होत्या, की कोणती खरं रडते आणि कोणती फोटोग्राफरने सांगितल्यावर रडते, हे तिला दारातूनच कळायचं. नवरा मुलगा वाळूजच्या कंपनीत, घर बजाजनगरला. बोलणी झाली त्या दिवशी मामांनी त्यांच्या स्वभावाला न शोभणारी एक गोष्ट केली. सोयरे म्हणाले, जागेचं कसं करायचं? मामा म्हणाले, "हॉल आपलाच हाय, समजा."

त्या इमारतीतल्या कुठल्याच गोष्टीला त्यांनी याआधी आपलं म्हटलं नव्हतं.

त्यानंतर पक्षाचं राज्य अधिवेशन आमच्या शहराला मिळालं.

मिळालं हा शब्द आमच्याच दैनिकाचा. शहरही तसंच वागत होतं. हॉटेलवाल्यांनी चादरी बदलल्या. विमानतळापासून हॉलपर्यंतच्या रस्त्यावरचे खड्डे, जे बुजवायला पैसे नव्हते, ते चार दिवसांत बुजले. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर टँकरने पाणी मारू लागले, तेव्हा शेजारच्या कॉलनीतल्या एक आजी हंडा घेऊन टँकरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "रोडला तहान लागली व्हय रं? आमच्या नळाला आठ दिस झाले," म्हणाल्या. ड्रायव्हरने हंडा भरून दिला. मग बाकीच्या बायका आल्या. एक जण म्हणाली, "दर महिन्याला घ्या म्हणावं अधिवेशन." ही ओळ आमच्याकडे चौकटीत छापून आली आणि सगळ्यांना आवडली.

दादांनी हॉल आणि लॉन पक्षाला विनामूल्य दिलं. ते त्यांचं योगदान. पण निधीही जमवायचा होता आणि तो यजमान शहराने जमवायचा, असं वरून आलं होतं. दादांकडे आलेल्या पावतीपुस्तकांपैकी एक मामांच्या टेबलावर आलं. हॉलशी धंदा असलेले केटरर, डेकोरेशनवाले, बँडवाले, फुलवाले, हे सगळे मामांच्या शब्दातले, म्हणून.

शहागंजला फुलवाल्याकडे ते गेले तेव्हा मी बरोबर होतो, मला बाजारातल्या प्रतिक्रिया हव्या होत्या. मामांनी पुस्तक काढलंच नाही. फुलवाल्याच्या नातवाची चौकशी केली, झेंडूचा भाव विचारला, चहा घेतला. शेवटी फुलवालाच म्हणाला, "निकालो मामा, किताब निकालो. पिछले महीने वो पार्टीवाले आये थे, अब ये. अपने फूल तो वहीच हैं, गले बदलते रहते."

मामा खाली मान घालून पावती लिहीत होते.

"नाय दिलं तरी चालतंय बरं का," ते हळूच म्हणाले.

"किसको चलता? तुमको चलता. दादा को चलता क्या?" फुलवाला हसला. "लिखो. और छोकरी की शादी के हार मेरे तरफ से. उसकी पावती नक्को."

हे झालं सोमवारी. मंगळवारी दादा केबिनमध्ये आले. एरवी ते मामांना वर बोलवून घेत. त्या दिवशी स्वतः खाली येऊन समोरच्या खुर्चीत बसले. मी व्यवस्थेची माहिती घ्यायला आलो होतो, मला उठायला कुणी सांगितलं नाही.

"मामा, अधिवेशनाची तारीख आली. शनिवार-रविवार. तुमचाच रविवार."

"बरं," मामा म्हणाले. कॅलेंडरकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तुमच्यात मुहूर्ताचं काही नसतं ना?"

"नसतं."

"मग सुटलो. मला वाटलं, लई अवघड होईल." दादांनी खुर्ची पुढे ओढली. "वरून आलंय मामा. विमानतळ जवळ, म्हणून हाच हॉल पाहिजे त्यांना. माझ्या हातात असतं तर मी बदललं नसतं का? तुम्ही म्हणाल त्या दिवशी दुसरा हॉल बघू. खर्च माझा."

"बघतो मी, दादा. तुम्ही बसा."

दादांच्या हातात त्या वेळी काहीच नव्हतं. असतं तर मामांनी ते घेतलं असतं.

दादा गेल्यावर मी म्हणालो, "मी बोलू का त्यांच्याशी? नाहीतर दोन ओळींची बातमी करतो, नावं न घेता."

मामा पहिल्यांदा घाईने बोलले. "नका साहेब. आजिबात नका. आज मुलीच्या बापाचं पेपरात यायचं अन् उद्या तिनं तिथं जन्मभर ऐकायचं. हॉल आपला म्हणून मीच बोललो व्हतो."

त्या शनिवार-रविवारी शहरात एकही हॉल मोकळा नव्हता. सगळीकडे प्रतिनिधींच्या गाद्या पडणार होत्या. लग्न पुढच्या गुरुवारवर गेलं, दादांना खर्च नको म्हणून चिकलठाण्यातल्या एका समाजमंदिरात, वर पत्र्याचं छप्पर. पत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून मामा घरोघर पुन्हा गेले. बजाजनगरला काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मुलीने सांगितलं. नवऱ्या मुलाचे चुलते म्हणाले, "गुरुवारी सुट्टी कोण देणार? अन् तुम्ही मॅनेजर ना? मॅनेजरलाच हॉल भेटंना व्हय?" मामा हसले आणि चुलत्यांच्या हातातला पाण्याचा पेला घेऊन आत ठेवून आले.

"मी त्यांना म्हणलं, पप्पा, माझं लग्न त्या पोराशी हाय का हॉलशी?" मुलगी मला सांगत होती. "तर म्हणतात, तुला नाय कळायचं. मला कळत नाय? मी काय तिथं मोठी झाले नाय?" मग तिने विषय बदलला.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, आमच्या दैनिकाकडे पक्षाचा एका ओळीचा निरोप आला. मुख्य नेत्यांना शनिवारी-रविवारी दिल्लीत थांबावं लागत होतं. अधिवेशन पुढे गेलं. नवी तारीख पुढचा गुरुवार-शुक्रवार.

रविवारी मी हॉलवर गेलो. तयारीचा फोटो हवा होता. गेट उघडं होतं. लॉनवर बांबू आडवे पडले होते, मजूर गावी गेले होते. आत सगळ्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या आणि व्यासपीठावर प्लास्टिक अंथरलेलं. मामा एकटेच पहिल्या रांगेच्या जागी एक खुर्ची काढून बसले होते. पंखा लावला नव्हता.

"आजची तारीख ना?" मी विचारलं.

"व्हय. आजच."

"आज इथं करता आलं असतं."

"आता कसं करता? सोयऱ्यांना दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणतील, ह्या माणसाला पोरगी द्यायची हाय का नाय." ते उठले, खुर्ची परत रचली आणि हाताने तिची धूळ पुसली. "दादांचा सकाळी फोन आला व्हता. लई वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, मामा, गुरुवारी तुम्ही बिनघोर रजा घ्या. फोन तेवढा चालू ठेवा."

गुरुवारी पक्षाचे झेंडे विमानतळापासून दुतर्फा होते. हॉल गच्च. मी व्यासपीठामागच्या खोलीत ठरावांची प्रत घ्यायला गेलो होतो. बाहेर मुख्य नेत्यांचं भाषण चालू होतं आणि ते एका वाक्याच्या मध्यावर बंद पडलं. वीज गेली होती. माईक गेला, पंखे गेले, दोन हजार माणसांची कुजबुज तेवढी राहिली.

दादा घामाघूम होऊन आत आले. पाठोपाठ इलेक्ट्रिशियन. जनरेटर सुरू होता, पण लाइन त्याच्यावर कशी टाकायची ते त्याला सापडत नव्हतं. दादांनी फोन लावून टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

तिकडून आधी गर्दीचा आवाज आला. पत्र्याखाली घुमणारा, एका सुरातला. भंते पुढे म्हणत होते आणि लोक मागून म्हणत होते. त्रिशरण चाललं होतं.

"मामा, जनरेटरचा खटका कुठंय?"

"दादा?" मामांचा आवाज अगदी खालचा होता. "स्टेजच्या मागं, डाव्या हाताचं लाकडी कपाट. कपाटात हिरवा दांडा. आधी मेन खाली करायचा, मग दांडा वर. उलटं करू नका."

इलेक्ट्रिशियन पळाला. दादाही मागे पळाले. फोन टेबलावर तसाच चालू राहिला. खोलीत मी आणि तो फोन.

दिवे आले. बाहेर टाळ्या वाजल्या, नेत्यांनी अर्धं राहिलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. भिंतीपलीकडून ते ऐकू येत होतं आणि टेबलावरून दुसरं. मुलीने प्रतिज्ञा म्हटली. तिचा आवाज मी ओळखला, स्पष्ट आणि जरा घाईतला. मग मुलाने म्हटली. कुणीतरी लहान मुलांना गप्प बसवलं. मंगल गाथा झाली. फोन बंद करायला मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. दादा येतील असं वाटत होतं. ते आले नाहीत, ते व्यासपीठावर होते.

बौद्ध लग्नात शेवटी सगळे मिळून तीनदा "साधु" म्हणतात. म्हटलं की लग्न लागलं. पत्र्याखालून तो शब्द तीनदा आला. मग फुलं पडली असणार, कारण एकदम गलका झाला, हसणं, कुणाचं तरी रडणं.

त्या गलक्यातून मामा फोनमध्ये बोलले. हात आडवा धरून बोलत असावेत.

"हॅलो, दादा? आली का लाइट?"

खोलीत उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"आली, मामा," मी म्हणालो.