सिमेंटचा साग

वणीच्या आमच्या घरी पोर्चच्या खांबांना सागाचं रूप द्यायला एक मिस्त्री आला होता. ओल्या सिमेंटवर तो जुन्या कंगव्याने रेषा ओढायचा आणि मागे सरकून डोळे बारीक करून बघायचा. एका खांबावर त्याने गुडघ्याच्या उंचीवर खाच पाडली.

"हे काय केलं?" मी ओरडलो.

"आमच्या घरच्या खांबाले होती जी. वासराचं दावं घासून पडलती. गाव कोळशाच्या खदानीत गेलं, पण हातून तसाच खांब होऊन जाते."

"हे घर माझं आहे. बुजवा ती."

त्याने अंगठ्याने खाच बुजवली आणि वरून कंगवा फिरवला.

आता पाहुणे खांबावर हात फिरवत म्हणतात, "अगदी खरा वाटतो!" त्यात खरं होतं तेवढंच मी बुजवून घेतलं.