तारांगन बोलणारा म्हातारा

आमच्या केंब्रिजच्या भाषा विभागाच्या तळघरातले किस्से सांगायला घेतले की लोक आधी हसतात, मग विषय बदलतात. तरी किस्से साठतच जातात. माझा स्वतःचा त्यांवर विश्वास आहे का? काय सांगू! या वयात स्वतःच्या कानांचीही खात्री देता येत नाही.

तारांगन ही इंडोनेशियातल्या आरू बेटांवरची भाषा. मी तिथे कधीच गेलो नाही! एका म्हाताऱ्याच्या जुन्या कॅसेट्स ऐकून तिच्या किनारी बोलीचा कोश करत होतो. दहा वर्षं. उच्चार चुकले असतील, तर सगळं कचऱ्यात.

*

म्हातारा एकेक शब्द म्हणून थांबायचा, मी त्याच्यामागून म्हणायचो. एकदा माझी सहकारी सुषमा म्हणाली, "सर, तुम्ही म्हटल्याशिवाय तो पुढे जातच नाही!"

"अगं, टेप आहे ती."

"मग काल तुम्ही चहा करत होतात, तेव्हा तो चांगला पाच मिनिटं गप्प का होता?"

*

दोन हजार चारच्या सुमारास टेक्निशियन बेनने कॅसेट्स कॉम्प्युटरवर चढवल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फाइल झाली एकशे चार मिनिटांची!

"मशीन जुनं आहे," बेन म्हणाला. आणि सकाळी दहालाच लंचला निघून गेला.

*

कॉव्हेंट्रीहून नातीचा फोन, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत. "आजोबा, तुमच्या मागे कोण बोलते?"

"कुणी नाही गं. मी एकटाच आहे."

"ओके. आता तो थांबली."

*

शेवटी आरूच्याच एक बाई कोश तपासायला आल्या. इथे नर्स होत्या. मी यादी वाचायला घेतली. चौथ्या शब्दाला त्यांनी खुर्ची घट्ट धरली.

"चुकलं का?" मी विचारलं.

"काहीच चुकलं नाही. पण असं फक्त माझे मामा बोलायचे. मोती काढायला पाण्यात उतरले, ते वर आलेच नाहीत."

मग त्यांनी नदीकाठच्या बोलीत मला काहीतरी विचारलं. त्यांच्या घरची बोली ती. मला तिच्यातला एक शब्दही येत नाही. तेवढंच सांगायला मी तोंड उघडलं.

सुषमा म्हणते, मी दहा मिनिटं बोलत होतो. बाई मान डोलवत ऐकत होत्या. एकदा रडल्या, एकदा चक्क हसल्या.

मला आठवतं ते एवढंच, की त्या कोटाची बटणं लावत होत्या.

"कोश छापा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मामांची हरकत नाही."