वस्तादांचे पाय

सोमवार, ३ फेब्रुवारी. पहाटे दाट धुकं, नऊनंतर कोरडं ऊन.

रोज एकाच चौकात भेटणाऱ्या माणसांचे किस्से आपोआप साठत जातात. आम्ही तिघंच, तरी माझी निम्मी वही त्यातच भरली आहे. तालमीचे वस्ताद, शिलाईकाम करणारा अकबर आणि मी. दर सोमवारी चौकातला हुतात्म्याचा पुतळा धुवायचा, हार घालायचा, मग चहा.

*

पुतळा घडवताना मूर्तिकाराकडे हुतात्म्याचा एकच फोटो होता, तोही छातीपर्यंतचा. पायांसाठी त्यानं तालमीतल्या सगळ्यांना लंगोटावर रांगेत उभं केलं आणि तरुण वस्तादांना निवडलं. महिनाभर ते ओल्या मातीसमोर न हलता उभे राहिले. वस्तादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तेव्हा नव्या नवरी. त्यांनी सासूला विचारलं म्हणे, "ह्यास्नी घरला कवा सोडणार?"

*

एकदा बाहेरगावचे एक गृहस्थ पुतळ्याचा फोटो काढत होते. पुतळा कुणाचा, असं त्यांनी विचारलं.

वस्ताद म्हणाले, "पावणं, वरचा त्येंचा. गुडघ्याखालचा माझा."

पाहुण्यांनी दोन पावलं मागं सरकून पायांसकट फोटो घेतला.

*

दिवाळीनंतर वस्तादांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली. शुगर जुनीच. आखाड्यात लागलं की तालमीची लाल माती दाबायची, ही आमची लहानपणापासूनची रीत. त्यांनी तीच दाबली. वहिनींना कळू नये म्हणून माती आम्ही पुडीत बांधून न्यायचो. एक दिवस अकबर, एक दिवस मी. मी त्यात घरची हळदही घालायचो.

वहीत नोंद आहे: माझी पाळी, अकरा वेळा.

*

वास वहिनींनाच आधी आला. दवाखान्यात जखम धुतली तेव्हा तीनदा लाल पाणी निघालं. ते रक्त नव्हतं. अकबरनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई आम्हा दोघांकडं वळल्या.

"तुम्ही तर शिकलेले दिसता."

अकबर म्हणाला, "न्हाय, म्याडम."

*

लगेच पाय कापला तर गुडघा वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वस्ताद ऐकेनात. "चौकात पाय हुभा हाय तवर माझा कोण कापतंय बघू की," म्हणाले.

वहिनींनी मला बाहेर बोलावलं. तुमचं ऐकतील, समजावा, म्हणाल्या. मी आत गेलो.

वस्तादांनी हळूच विचारलं, "माती आणलीस?"

मी आणली नव्हती. पण समजावलंही नाही. त्यात पाच दिवस गेले.

*

आज त्यांना डिस्चार्ज मिळाला. रिक्षा चौकातूनच येणार, म्हणून आम्ही पुतळा धुऊन ठेवला. वस्तादांच्या हातून घालायचा म्हणून झेंडूचा मोठा हार आणला.

सव्वादहाला रिक्षा आली. अकबरनं हात केला. वस्ताद रिक्षावाल्याला म्हणाले ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"थांबू नगोस."

रिक्षा थांबली नाही. हार अकबरनं पुतळ्याला घातला. वस्तादांचा डावा पाय गुडघ्याच्या वर चार बोटं कापला आहे.